मखमलीतला मोठा हात

१ फेब्रुवारी, रविवार
आजपासून पद्धतशीर गुंतवणूक. आजवर जे झालं ते शिक्षण धरायचं.

कारण साडूभाऊंकडचं जेवण. जेवताना फोन बाजूला ठेवावा, एवढी साधी रीत असते. यांनी तो पाण्याच्या जगला टेकवून उभा केला, सगळ्यांना दिसेल असा. एकतीस कंपन्या, बहुतेक सगळ्या हिरव्या. साडूभाऊ ड्रायव्हिंग स्कूल चालवतात, त्यामुळे शेअर्सबद्दलसुद्धा गाडीतच बसून बोलतात. म्हणे, एकाच गाडीच्या मागे लागायचं नाही, अंतर राखायचं, म्हणून एकतीस. मग माझ्याकडे वळून, तुमची पद्धत काय हो साडू? माझी काही पद्धत नव्हती. मी म्हटलं, मी मोजकंच घेतो, पण समजून घेतो. बोलून झाल्यावर मला ते इतकं आवडलं की आता तीच माझी पद्धत.

नियम (कायमचे). एक, ज्याचा धंदा कळतो तीच कंपनी. दोन, कुणाच्या सांगण्यावरून घ्यायचं नाही. तीन, चष्म्याच्या दुकानात कामावर असताना फोन बघायचा नाही.

हिचे पैसे माझ्या खात्यात आलेत. ही घरी पडदे शिवते, कपडे लहानमोठे करून देते, सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावर. भाजी आली की कापड उचला, कापड आलं की भाजी उचला. समोरच्या गल्लीतले घड्याळवाले वर्षअखेरीला दुकान बंद करणार आहेत आणि त्यांची खोली त्यांनी हिला कबूल केलीय. तिच्या डिपॉझिटचे हे पैसे, एकेक पडदा शिवून जमवलेले. तोवर फिक्समध्ये ठेवा म्हणाली, तुम्हाला त्यातलं कळतं. कळतंच. उद्या बँकेत जातो.

२ फेब्रुवारी, सोमवार
बँकेत रांग. पुढचा माणूस पिशवीभर नाणी घेऊन आलेला. परत फिरलो.

तसंही फिक्सचं व्याज म्हणजे चेष्टा आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार
अभ्यास पूर्ण. ऑर्बेल वॉल्व्ह. पाण्याच्या नळात वॉल्व्ह, गॅसला वॉल्व्ह, हॉस्पिटलात वॉल्व्ह. माणूस पाणी प्यायचा थांबणार आहे का? नाही. नियम एकमध्ये चपखल बसते. हिच्या पैशांतले थोडेच घालणार, चवीपुरते. वाढले की मूळ रक्कम परत फिक्सला, वरचं माझं. ही म्हणेल, अगं बाई, बँकेनं इतकं दिलं?

५ फेब्रुवारी, गुरुवार
घेतले! एक आजोबा भिंतीवरची अक्षरं वाचत होते तेवढ्यात काउंटरखाली एका अंगठ्यानं काम उरकलं. (नियम तीन फोन बघण्याबद्दल आहे. व्यवहार करण्याबद्दल नाही.) फोनवर नावं अर्धवट येतात आणि अक्षर बारीक, पण माझी नजर शाबूत आहे. मालक मला सारखे म्हणतात की चाळिशी लावा, चष्म्याच्या दुकानातला माणूस डोळे बारीक करून बिल वाचतो हे बरं दिसत नाही. त्यांना विकायची सवय आहे, त्याला ते तरी काय करणार.

८ फेब्रुवारी, रविवार
आज ते आमच्याकडे जेवायला. मी फोन जगला टेकवला.

साडूभाऊंनी चष्मा लावला, वाकून वाचलं आणि म्हणाले, "ऑर्बेल वेल्वेट? मखमल?"

पाहिलं तर खरंच वेल्वेट. वॉल्व्ह नाही. वेल्वेट.

पण माणसाची परीक्षा अशाच वेळी होते. पापणीही न हलवता मी म्हटलं, हो, मखमल, मुद्दाम. कपाटातून चष्म्याची डबी आणून त्यांच्यासमोर उघडली. आत काय आहे? मखमल. दागिन्यांच्या डबीत? मखमल. व्हायोलिनच्या पेटीत? थिएटरच्या खुर्च्यांवर? मी आतला माणूस आहे, साडूभाऊ, रोज शंभरदा डबी उघडतो. या धंद्यात काय चाललंय ते बाहेर कळायला सहा महिने लागतात. एवढं बोलून मी डबी टप्पकन मिटली. साडूभाऊंनी घास तसाच हातात धरला होता. त्या शांततेत आदर होता.

उद्या बाजार उघडताच विकून टाकतो.

९ फेब्रुवारी, सोमवार
विकायला फोन उघडला तर भाव वर! या कंपनीत दिवसाला जेमतेम चार सौदे होतात, कधी तेही नाही. आज सकाळी सकाळी कुणीतरी दणदणीत खरेदी केलीय. म्हणजे मी काल जे बोललो ते बाजारात कुणाला तरी आधीच कळलेलं होतं.

मीच ते सर्वांत शेवटी ऐकलं, इतकंच. विकले नाहीत.

११ फेब्रुवारी, बुधवार
पुन्हा वर. याला बाजारात मोठा हात म्हणतात. एखादा मोठा हात गुपचूप माल गोळा करत असतो आणि शहाण्या माणसानं त्याच्या बोटाला धरून चालायचं असतं. हिचे आणखी थोडे घातले. माझी खरेदी होताच भाव अजून चढला. टायमिंग.

१५ फेब्रुवारी, रविवार
साडूभाऊंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, मखमल काय म्हणतेय? मी आवाज खाली आणून सांगितलं, मोठा हात शिरलाय. त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघून असं उजळायला मोठं मन लागतं, मी उगाच त्यांच्याबद्दल काहीबाही लिहिलं.

निघताना विचारलं, विकणार कधी? मी? लॉन्ग टर्म.

३ मार्च, मंगळवार
वर. माझे डोळे आता सगळीकडे मखमल शोधतात. शनिवारी हिला नाटकाला नेलं. मध्यंतरात पडदा हातानं चाचपून पाहिला, लव कुठल्या दिशेला आहे, शिवण कशी आहे. दाराशी तिकिटं फाडणारी बाई येऊन म्हणाली, काका, बसून घ्या. हिला वाटलं मी तिच्या धंद्याची चौकशी करत होतो, पडद्याची. घरी येऊन मला चहा करून दिला, न मागता. मला थोडं कसंसंच झालं.

असो. हिला डिसेंबरात कळेलच.

१५ मार्च, रविवार
साडूभाऊंनी जाहीर केलं की एकतीस कंपन्या सांभाळणं म्हणजे गर्दीत गाडी चालवण्यासारखं आहे, आता मोजकंच घ्यायचं आणि समजून घ्यायचं. शब्दन् शब्द माझा! मोजकं म्हणजे काय काय उरलं, ते मात्र सांगेनात. फोनही खिशातच ठेवला. मोठ्या मेव्हणीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं, स्कूलची दुसरी गाडी कधी घेताय, गेल्या वर्षापासून ऐकतेय. तर म्हणाले, योग्य वेळी. माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. का हसलो कोण जाणे.

२ एप्रिल, गुरुवार
हिचे सगळे पैसे आता मखमलीत आहेत. मुद्दाम ठरवून असं झालं नाही, होत गेलं. फोनवर रक्कम जवळजवळ दीडपट दिसते. आज तीन गिऱ्हाइकांशी अत्यंत प्रेमाने बोललो.

एक चूक झाली. दोन बायकांच्या काचा एकमेकींच्या फ्रेममध्ये बसवल्या. एक घरी जाऊन जिन्यावर बसूनच राहिली म्हणे, पायऱ्या कुठं संपतात ते कळेना. मालक बोलले. मी ऐकून घेतलं. दीडपटवाल्या माणसाला ऐकून घ्यायला काही वाटत नाही.

१९ एप्रिल, रविवार
घोळ.

घड्याळवाल्यांना त्यांच्या मुलीनं आपल्याकडे बोलावलंय. वर्षअखेर नाही, मेअखेर खोली रिकामी करणार. डिपॉझिट मेच्या वीस तारखेपर्यंत, कारण मागणारे आणखी दोघं आहेत. ही बाहेरून आली ती चपला न काढताच सांगायला लागली. इतकी खुशीत मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. मशीन खिडकीशी ठेवणार, कापायचं टेबल मधोमध, आणि दारावर पाटी. पाटीवर काय लिहायचं ते मला विचारत होती.

मी म्हटलं, फिक्स मधेच मोडली तर व्याज बुडतं. ती म्हणाली, बुडू दे. वाईट वाटलं. कारण व्याज धरून दीडपट होतं.

२० एप्रिल, सोमवार
थोडे विकायला काढले. मी विकताच भाव धाडकन खाली. चौथ्या सौद्याला तर घेणारच मिळेना. आज कुणीतरी भ्याडानं माल काढलाय हे उघड आहे. (मीही काढला, पण माझं कारण घरगुती होतं.)

दुपारी साडूभाऊंचा फोन. आवाज बसलेला. म्हणाले, साडू, मोठ्या हातानं आज विकलं की काय? मी धीर दिला. म्हटलं, मोठा हात असा घाबरत नसतो, कमकुवत लोकांना हाकलून लावायला भाव पाडतात. त्यांनाही पटलं, मलाही पटलं.

२१ एप्रिल, मंगळवार
काल विकलेले आज परत घेतले. स्वस्त पडले. याला अ‍ॅव्हरेज करणं म्हणतात. भाव सावरला.

२९ एप्रिल, बुधवार
पुन्हा खाली. आता सकाळी कुणीतरी दुसराच विकतोय. हे लोक कुठून येतात?

५ मे, मंगळवार
आज दुकानात नव्या डब्या आल्या. आत रबर. काळं, गुळगुळीत रबर.

मालकांना विचारलं, मखमल कुठाय? म्हणाले, मखमलीचे धागे काचांना चिकटतात, गिऱ्हाइकं तक्रार करतात, शिवाय हे स्वस्त. मी म्हटलं, डबी उघडल्यावर माणसाच्या बोटांना जे सुख मिळतं त्याचं काय? आपण चष्मा विकतो की विश्वास विकतो? बराच वेळ बोललो. रांगेतल्या एका बाईनं पर्समधून आपली जुनी डबी काढून दाखवली आणि म्हणाली, त्यांचं बरोबर आहे, या बघा धाग्यांच्या गुठळ्या. मालकांनी मला आत जाऊन पाणी पिऊन या म्हणून सांगितलं.

मालक व्यवसायात आहेत म्हणजे त्यांना धंद्यातलं कळतं असं नाही.

९ मे, शनिवार
कंपनीचा वार्षिक अहवाल वाचला. खरं तर हे आधी करायचं राहूनच गेलं होतं. चाळिशी लावून वाचला, दुकानातली, नमुन्याची.

ऑर्बेल वेल्वेट मखमल बनवत नाही. मखमल बनवणं त्यांनी कधीच बंद केलंय, माग मोडीत काढून. आता कंपनी म्हणजे एक मोठं गोदाम आहे आणि ते त्यांनी कुणालातरी भाड्यानं दिलंय.

दोनदा वाचलं. म्हणजे ही मुळात कापडाची कंपनी नसून जागेची कंपनी आहे. जागेचे भाव कधी पडतात का? मी नकळत रिअल इस्टेटमध्ये शिरलोय. थोडं बरं वाटलं.

१४ मे, गुरुवार
तीन दिवस विकायला लावलेत. घेणारा शून्य. फोनवर रक्कम दिसते, निम्म्याच्या आसपास, पण ती नुसती दिसते.

ही पाटीवाल्याकडे जाऊन आली.

१७ मे, रविवार
सगळं लिहायलाच हवं.

आज जेवण आमच्याकडे. ही वाढता वाढता तिच्या ताईला म्हणाली, उद्या हे पैसे काढून आणतील, परवा घड्याळवाल्यांकडे द्यायला जाऊ, तूही चल. हात धुवायच्या निमित्तानं साडूभाऊंना बाल्कनीत नेलं. म्हणजे मला वाटलं मी नेलं. ते माझ्या आधीच उठले होते.

दोघं एकदम बोललो. मी म्हटलं, थोडे पैसे मिळतील का, महिनाभरासाठी. ते म्हणाले, थोडे पैसे मिळतील का, दुसऱ्या गाडीचे भरायचेत. खाली एक माणूस कार मागे घेत होता आणि साडूभाऊ त्याला बघूनसुद्धा काही सूचना देत नव्हते, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"तुमचे कशात अडकलेत?" मी विचारलं.

"तुमच्यातच," ते म्हणाले. "मखमलीत. त्या रविवारी तुम्ही डबी उघडलीत ना, दुसऱ्या दिवशी सकाळी घेतले. एकतीसच्या एकतीस हळूहळू विकून त्यातच घातले. म्हटलं, तुम्ही आतले."

मी बोटांवर तारखा मोजल्या. म्हटलं, नऊ फेब्रुवारीला सकाळी? ते हो म्हणाले. अकराला भाव चढला तेव्हा यांना वाटलं, मोठा हात आला. तो मी होतो. त्याआधी मला वाटलं, मोठा हात आला. ते हे होते. वीस एप्रिलला मी विकले, आणि जेवढे गेले तेवढे यांनी घेतले, घाबरत घाबरत. एकविसाला मी परत घेतले ते यांनीच विकलेले, आणि एकोणतीसला विकणारा तो दुसरा, तोही हेच. सगळा हिशोब तिथंच बाल्कनीत उभ्याउभ्या जुळला.

मोठी मेव्हणी दारात उभी होती, हातात पाण्याचा जग. तिनं सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे तीन महिने तुम्ही दोघं एकमेकांनाच विकत होतात?" तिनं विचारलं.

साडूभाऊ म्हणाले, मधे एक-दोन परके पण असतील. मीही मान डोलावली. तिच्या मागे ही उभी होती.

१८ मे, सोमवार
ही काल रात्रीपासून बोललेली नाही. सकाळी डबा दिला, नेहमीचा. मला ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्यावर माझ्याकडे उत्तरं होती.

संध्याकाळी मीच विषय काढला. नीट समजावून सांगितलं. म्हटलं, तोटा झालाय असं समजू नकोस. फोनवर दिसतो तो कागदावरचा तोटा. जोपर्यंत आपण विकत नाही तोपर्यंत तोटा झालेला नसतो, विकलं की होतो. हे शास्त्र आहे.

ती पडद्याच्या घड्या घालत होती. म्हणाली, "बरं. मग माझी खोलीही गेलेली नाही. दुसऱ्यानं घेतली की जाईल."

मग कापड पसरायचं होतं, म्हणून तिनं मला उठायला सांगितलं.

१९ मे, मंगळवार
मिळेल त्या भावाला विकायला लावले. सगळे.

२० मे, बुधवार
गेले. कुणी घेतले माहीत नाही. साडूभाऊंना फोन करून विचारलं, ते शपथेवर म्हणाले मी नाही. आलेले पैसे निम्म्याहून कमी. ते घेऊन दुपारी दुकानातून तासाची सुट्टी काढून घड्याळवाल्यांकडे गेलो. म्हटलं, अर्धे आता, अर्धे सहा महिन्यांत. भला माणूस, मला बसायला खुर्ची दिली. म्हणाले, तुमच्या बाईसाहेब सकाळीच येऊन गेल्या, नको म्हणून सांगून. मी खूप म्हटलं थोडं थांबतो, तर म्हणाल्या, तुम्ही कशाला अडकून पडता. दुपारपर्यंत मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला खोली दिलीसुद्धा.

पैसे घेऊन परत आलो. येताना बँक उघडी होती. रांग नव्हती. फिक्स केले, हिच्या नावानं. पावती टेबलावर ठेवली तर तिनं न बघता कापडाच्या खालून सरकवून बाजूला केली.

३१ मे, रविवार
साडूभाऊ भेटले, बाहेरच, चहाच्या दुकानात. दोघींचा आपसात काहीतरी ठराव झालाय, रविवारची जेवणं सध्या बंद. आकडे ताडून पाहिले. टक्केवारीत त्यांचा तोटा माझ्यापेक्षा जास्त आहे. म्हणजे पद्धत म्हणून बघितलं तर माझीच सरस ठरते. मी तसं बोललोही. त्यांनी मान्य केलं, पण चहाचे पैसे दिले नाहीत.

पुढच्या खेपेला अहवाल आधी वाचायचा. नियम चार.

६ जून, शनिवार
हिला एक काम आलंय. कव्हरवाल्याला खोलीच्या मधोमध पडदा हवाय, मागं माल ठेवायला, आणि खिडकीला एक. त्याला घड्याळवाल्यांनीच हिचं नाव सांगितलं. मला वाटलं ही नाही म्हणेल. उद्या माप घ्यायला जाते म्हणाली. मी म्हटलं, मी येतो टेप धरायला. चला म्हणाली. अठरा दिवसांत माझ्याशी बोललेला हा सर्वांत लांब शब्द.

७ जून, रविवार
गेलो. खोली छोटीशीच आहे, पण उजेड भरपूर. भिंतीवर घड्याळांच्या जागी गोल गोल पांढरे डाग राहिलेत. मी टेपचं टोक धरून खिडकीशी उभा राहिलो आणि म्हटलं, सांग, इथून धरू का?

तिनं टेप मागितलीच नाही. कव्हरवाल्यानं विचारलं, कापड किती लागेल, आणि तिनं उभ्याउभ्या सगळी मापं सांगितली. खिडकीची रुंदी, छताची उंची, दोन्ही भिंतींमधलं अंतर, कोपऱ्यातल्या खांबामुळे किती कमी धरायचं तेही. त्याला खरं वाटेना, त्यानं माझ्या हातातून टेप घेऊन मोजून पाहिलं. सगळं बरोबर निघालं.

त्यानं निम्मे पैसे आगाऊ दिले. तिनं मोजले, पर्समध्ये ठेवले, चेन लावली. कुठं ठेवायचे ते तिनं मला विचारलं नाही.